मे १८१८चं सोलापूर टेबलावर : भुईकोटाचा बोर्ड घरीच बनवायचा आहे

माळवद (धागाकर्ता)

टेबलावर छोटे सैनिक मांडून, फासे आणि मोजपट्टी घेऊन लढाया खेळणारे इथे थोडेच आहेत, पण आहेत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बुद्धिबळात घरं आखलेली असतात, इथे नसतात. शिपाई किती चालणार, बंदूक किती लांब मारणार, सगळं सेंटिमीटरने मोजायचं. त्यामुळे खालची जमीन कशी आहे यावर निम्मा खेळ ठरतो. ओढा कुठे, बांध किती उंच, घरामागे कोण लपू शकतं, हे सगळं आधी बांधावं लागतं.

बाहेरून मागवायचे तयार बोर्ड आणि चटया पाहिल्या. सगळं हिरवंगार. पाइनची झाडं, दगडी कुंपणं, मध्येच एक चर्च. त्यावर पेशव्यांची अरब शिबंदी उभी केली तर माणसं महाबळेश्वरला सहलीला आल्यासारखी दिसतील. म्हणून बोर्ड घरीच करायचं ठरवलं.

लढाई आपल्याच गावची. मे १८१८. दुसरा बाजीराव पुढे पळतोय, त्याचं पायदळ आणि तोफा मागे राहून सोलापूरच्या किल्ल्याच्या आश्रयाला आलंय आणि त्यांच्यावर गणपतराव पानसे आहेत. तळ्याला तीन बाजूंनी मातीचा बांध, त्याच्या आडोशाला त्यांचा तळ : ८५० स्वार, ५,५५० पायदळ, १४ तोफा. समोर इंग्रजांचा जनरल मन्रो. १० मेला पेठेच्या (किल्ल्याबाहेरच्या तटबंद वस्तीच्या) तटाला शिड्या लागतात, पानसे तोफा घेऊन बाहेर पडतात, उघड्यावर झुंज होते. १५ तारखेला किल्ला जातो आणि ३ जूनला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन होतो. खडकी आणि कोरेगाव सगळ्यांना पाठ असतं, पण पार्क चौकातून रोज जाणाऱ्याला ही लढाई ठाऊक असेलच असं नाही.

मापं १८८४च्या जिल्हा गॅझेटियरमधली घेतली आहेत. किल्ला सुमारे २३० यार्ड बाय १७६ यार्ड. दोन तट, एकमेकांपासून १० ते २० यार्डांवर. तळ्याची बाजू सोडून भोवती खंदक, १०० ते १५० फूट रुंद आणि १५ ते ३० फूट खोल. मी ६ मिमीचे सैनिक वापरणार, म्हणजे साधारण १:३०० प्रमाण. त्या हिशेबाने किल्ला ७० बाय ५४ सेंमी होतो आणि खंदक १० ते १५ सेंमी. बोर्ड १८० बाय १२० सेंमीचा, याहून मोठा घरात मावणार नाही. तोही सहा तुकड्यांत हवा, कारण खेळ झाला की सगळं दिवाणाखाली गेलं पाहिजे.

विचारायचंय ते हे : थर्माकोल वापरू की दुसरं काही? माती, झाडं, पाणी, घरं यांना सोलापूरच्या बाजारात काय सापडेल? आणि माप बरोबर धरलंय का?


काय_बे

मालक, दिवाळीचा किल्ला बारा महिने ठेवायचा बेत दिसतोय. आमच्या गल्लीत पोतं, चिखल आणि अळीव एवढ्यात काम भागतं बे. वर शिवाजी महाराज, खाली मावळे, बाजूला एक प्लास्टिकचा डायनासोर.


माळवद

अळीव उगवला की ६ मिमीचा शिपाई त्यात हरवेल. डायनासोर मात्र विचाराधीन.


सहा_पडला

आम्ही पुण्यात २८ मिमीने खेळतो. तुमची निवड पटत नाही. ६ मिमीच्या माणसाला चेहरा नाही, पगडी नाही, रंगवायची मजा नाही. २८ मिमी म्हणजे १:५६, त्यात किल्ला पावणेचार मीटर लांब होईल हे मलाही कळतं. पण अख्खा किल्ला हवाच कशाला? एक बुरूज, तटाचा एक तुकडा, थोडा खंदक आणि शिड्या लावणारे पन्नास लोक. तेवढीच लढाई खेळा.


माळवद

एका बुरुजाच्या लढाईत पानसे दिसणार नाहीत. मला ते दिसायला हवेत.


तोफखाना

धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे. पण मापाचा हिशेब एकदा तोफेच्या बाजूने करून बघा.

त्या काळच्या सहा पौंडी मैदानी तोफेने ६००-७०० यार्डांपर्यंत गोळा कामाचा पडायचा. १:३००ला ६०० यार्ड म्हणजे १८३ सेंमी. तुमचा बोर्ड १८०चा. म्हणजे तोफ कुठेही ठेवा, ती सगळीकडे मारणार. मग तोफ पुढे न्यायची की बांधाआड ठेवायची, हा प्रश्नच उरत नाही. १० मेच्या दिवशी पानशांपुढे तर तोच प्रश्न होता.

दुसरं टोक १:१००० चं. बोर्डावर १,८०० बाय १,२०० मीटर मुलूख येतो, स्वारांना पळायला रान मिळतं. पण किल्ला २१ बाय १६ सेंमीचा होतो आणि त्याच्या दोन तटांमध्ये बोट जात नाही, सैनिक कुठून उभे करणार?

या खेळात जमिनीचं माप आणि उभ्या वस्तूंचं माप वेगळं धरायची जुनी वहिवाट आहे, ती वापरा. जमीन १:६००, उंची आणि घरं १:३००. आता किल्ला ३५ बाय २७ सेंमी. खंदक ५ ते साडेसात सेंमी रुंद आणि दीड ते तीन सेंमी खोल. तटांमधली वाट दीड ते तीन सेंमी, म्हणजे शिपायांची एक रांग बसते. तोफेचे ६०० यार्ड ९१ सेंमीवर येतात, बोर्डाच्या निम्म्यापर्यंत. बंदुकीचे १०० यार्ड १५ सेंमी. बोर्डावर १,०८० बाय ७२० मीटर जमीन.

आणि यात एक सोय आपोआप होते. दोन्ही तट आणि खंदक धरूनसुद्धा किल्ला ६० सेंमीच्या एकाच चौकोनी तुकड्यावर बसतो. तळ्याकडे खंदक नाही, म्हणून तीच बाजू तळ्याच्या तुकड्याला लावायची. उद्या दुसरी लढाई खेळायची झाली तर किल्ल्याचा तुकडा काढून ठेवला की बाकीचा बोर्ड साधं माळरान.


सहा_पडला

एकाच बोर्डावर दोन मापं? मग तो देखावा राहत नाही, नकाशा होतो.


माळवद

मला नकाशाच हवा आहे, फक्त उंच-सखल असलेला. तोफखाना, १:६०० पक्कं. अडचण एकच, घर १:३००चं आणि जमीन १:६००ची म्हटल्यावर प्रत्येक घर जमिनीवर चौपट जागा खातं. पेठ फार विरळ दिसेल.


तोफखाना

मग एका घराला चार घरं समजा आणि गल्ल्या रुंद ठेवा. नाहीतरी खेळताना गल्लीत बोटं घालून शिपाई हलवावे लागतात. खऱ्या पेठेइतकी अरुंद गल्ली केली तर प्रत्येक चालीला घरं पाडाल.


स्लॅबवाले

युद्धाचं कळत नाही, मालाचं कळतं. गच्चीवर ऊन अडवायला स्लॅबवर जो निळा किंवा गुलाबी फोम घालतात तो एक्सपीएस. वॉटरप्रूफिंगची कामं करणाऱ्यांकडे किंवा इन्सुलेशनच्या डीलरकडे विचारा. थर्माकोलसारखे दाणे नसतात, कटरने कापलं की कड सुरीने खवा कापावा तशी नाही, पट्टीने आखल्यासारखी येते.

शीट साधारणपणे १२५० बाय ६०० मिमीची असते, जाडी २५, ५० वगैरे. म्हणजे दोन फुटांच्या नादाला लागू नका, सरळ ६० सेंमी धरा. एका शीटमध्ये ६० बाय ६०चे दोन तुकडे आणि ५ सेंमीची एक पट्टी उरते. सहा तुकड्यांना २५ मिमीच्या तीन शीट. उरलेल्या तीन पट्ट्या टाकू नका, तळ्याला तीन बाजूंनी बांध आहे म्हणालात ना, तो त्यातच होतो. पट्टी जाडीत मधोमध फाडा, साडेबारा मिमी झाली. तुमच्या १:३००मध्ये पावणेचार मीटर. दोन्ही कडा तिरप्या तासा, बांध तयार.

खंदक खोदत बसू नका. २५ मिमीचे दोन थर ठेवा आणि वरच्या थरातून खंदकाचा आकार आरपार कापून काढा. खोली आपोआप अडीच सेंमी येते, तळ सपाट मिळतो. खालचा थर दिसत नाही, तिथे टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल चालेल. त्याखाली ४ मिमीचा एमडीएफ (लाकडी भुसा दाबून केलेली फळी), नाहीतर कोपरे मोडतात.

गरम तारेने कापणार असाल तर गच्चीवर बसून कापा. तो धूर छातीला वाईट. बंद खोलीत अजिबात नको.


काय_बे

आणि तटासाठी खरे दगड किल्ल्यातूनच उचलायचे का? हुतात्मा बागेच्या बाजूने बारीक खडी पडलेली असते.


स्लॅबवाले

संरक्षित स्मारक आहे ते. तिथला खडासुद्धा उचलू नका. क्रशरची कच घ्या, तोच आपला काळा कातळ, तोच रंग. चहाच्या गाळणीतून चाळा, गाळणीतून पडेल ती जमिनीला, वर राहील ती पडझड झालेल्या तटाच्या पायथ्याला.


रंगकाडी

मी गणपतीची आणि नाटकांची सजावट करते. मार्च २०१८च्या अधिसूचनेपासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमचं काम पुठ्ठा, बांबू आणि कापडावर चालतं. त्यामुळे स्लॅबवाल्यांचं बरोबर आहे, खोक्यातलं जुनं थर्माकोल खालच्या थरापुरतं वापरा.

चिकटवणं आणि रंग यात लोक फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पांढरा, पाण्यात मिसळणारा फेविकॉल वापरायचा. चपलांना लावतात तो रबरी, उग्र वासाचा गोंद फोम खाऊन टाकतो. डब्यातला स्प्रे रंग आणि ऑइल पेंटचं थिनर तेच करतं. आधी फेविकॉलमध्ये काळा इमल्शन कालवून एक जाड हात सगळीकडे द्यायचा, कापलेल्या कडांना आणि खंदकाच्या भिंतींनाही. ते कातडं नीट वाळलं की वरचे हात पाण्याच्या रंगांचे.

दोन फोममधला फेविकॉल लवकर वाळत नाही, कारण दोन्हीकडून पाण्याला जायला वाट नसते. पूर्ण पृष्ठभाग माखू नका, पट्ट्यापट्ट्यांनी लावा, मध्ये जागा सोडा. दातकोरण्या आरपार खुपसा म्हणजे थर सरकत नाहीत. वर पुस्तकांचं वजन ठेवून विसरून जा. ग्लूगनने झटपट होतं, पण सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ते सांधे ढिले पडतात.

एका बाजूलाच ओला रंग दिला की बोर्ड वाळताना बशीचा आकार घेतो. एमडीएफच्या पाठीलाही तेवढेच हात द्या. दिसणार नाही म्हणून सोडू नका.

भिंतीच्या पुट्टीने उतार करणार असाल तर एका हातात जाड थर नको. इथल्या कोरड्या हवेत वरचं आधी वाळतं आणि तडा जातो. पुट्टीत फेविकॉल आणि थोडा कागदाचा लगदा घाला, पातळ थर द्या आणि पंखा बंद ठेवून वाळवा. हो, मे महिन्यात पंखा बंद. कलेसाठी एवढं सोसा.


माळवद

रंगकाडी ताई, मनापासून आभार. तटाचे दगड कसे दाखवू? कोरायचे का?


रंगकाडी

तटाचा दगड खरा फूट-दीड फुटाचा धरला तरी तुमच्या मापात एक-दीड मिमीचा. कोरायला गेलात तर प्रत्येक दगड हौदाएवढा दिसेल. शाई संपलेल्या बॉलपेनने आडव्या रेषा ओढा, उभ्या रेषा कुठे कुठे. मग चुरगळलेल्या फॉइलचा गोळा फिरवून दाबा. काळा, त्यावर राखाडी, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पिवळट राखाडी. फक्त उंचवटे रंग धरतात, खाचा काळ्या राहतात. बाकीचं काम डोळा करतो.


ज्वारीचं_कणीस

आम्ही मंगळवेढ्याकडचे. धागाकर्त्याने मे महिना म्हटलंय म्हणून लिहितो, कारण मे महिन्यातलं रान शहरातल्या माणसाला आठवत नाही.

आपल्याकडची ज्वारी रब्बीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी उरकते. मेमध्ये उभं पीक दाखवलंत तर चुकीचं. रानात दिसतात ती धसकटं, नाहीतर नांगरून टाकलेली ढेकळं, पावसाची वाट बघत पडलेली. मळ्याच्या विहिरीभोवती हिरवा तुकडा, तेवढाच. आणि गावकुसाला कडब्याच्या गंज्या. खेळात आडोसा हवा असेल तर गंजी ठेवा, चांगली घराएवढी असते, मागे दहा माणसं लपतात. पेटवली तर धूरही होतो.

ऊस नको. आजचा ऊस उजनीच्या पाण्यावरचा. वेडी बाभूळ, जिला विलायती म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशात आली, तीही नको. गुलमोहरही त्या वेळचा नव्हे. लिंब, देशी बाभूळ, चिंच, वड, बोर एवढी झाडं पुरेत. लिंब मेमध्ये हिरवागार असतो, म्हणून बोर्डावर हिरवा रंग फक्त झाडांना द्या. गवताला नाही. गवत पांढरट पिवळं, वाळलेलं.

माती खरीच घालायची असेल तर रानातली काळी माती चाळून, जुन्या कढईत भाजून घ्या, नाहीतर बोर्डाला कोंब फुटतील. पण नुसती काळी माती फेविकॉलमध्ये कालवून थापू नका. ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, घरांच्या भिंती तडकतात ते याच मातीने. बोर्डावर एक मिमीची भेग पडली तर तुमच्या मापात ती एक फूट रुंद होते. शिपायांचे पाय मोडतील. कच जास्त, माती कमी, अशी मिसळा. माती फक्त रंगापुरती.

अवांतर : एका कोपऱ्यात माळढोक ठेवा. पक्षी मीटरभर उंच, म्हणजे तुमच्याकडे तीन मिमी. सगळ्यांना दिसणार नाही, पण ज्याला दिसेल तो खूश.


माळवद

हा प्रतिसाद छापून भिंतीला लावतोय. मी तर पेठेबाहेर ज्वारी उभी करणार होतो, कारण उभ्या पिकात शिपाई लपवता आले असते. आता गंज्या आणि विहिरी.

धसकटं आणि वाळल्या गवतासाठी एक सुचतंय. आमच्या पूर्व भागात टेरी टॉवेलच्या कारखान्यांतून डाग पडलेला माल स्वस्तात मिळतो. टॉवेलचा फंदा दोन-तीन मिमीचा, म्हणजे १:३००मध्ये दोन-तीन फूट उंच गवत. टॉवेल पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून पिळायचा, बोर्डावर चिकटवायचा, वाळल्यावर तारेच्या ब्रशने विंचरायचा. फंदे तसेच ठेवले तर धसकटं, कात्रीने कापले तर गवत. रंग मातकट तपकिरी, वरून कोरड्या ब्रशने गवती.


रंगकाडी

चालेल. कड मात्र सरळ कापू नका, टॉवेलच वाटेल. फाडून वेडीवाकडी करा आणि कडेला कच पसरा.


काय_बे

आपल्या गावात टॉवेलचं माळरान होणारच होतं कधीतरी. तोफेच्या धुराला पण बाहेर जायला नको. मागाखाली कापसाचं तूस साचतं ते घ्या, तोफेच्या तोंडाला लावा, गोळा सुटला हे लगेच कळतं.

अजून एक. गवत उभं चिकटवायचं यंत्र घरी करता येतं म्हणे, मच्छर मारायची बॅट आणि चहाची गाळणी जोडून. करू का?


स्लॅबवाले

होतं तसं. बॅटमधल्या दाबाने गाळणीतले धागे उभे राहतात आणि ओल्या गोंदात उभेच रुततात. पण बॅट बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. वायरिंग कळणाऱ्याकडूनच करून घ्या. आणि ६ मिमीच्या सैनिकांना दोन मिमीचं गवत गुडघ्याच्या वर येतं, टॉवेलच्या पुढे त्याची गरज नाही.


वाचनमात्र

शांतपणे वाचत होतो, आता एक शंका. आपण हरलेली लढाई खेळायची कशाला? त्यापेक्षा पालखेड घ्या, खर्डा घ्या. खर्डा तर फार लांबही नाही. एवढी मेहनत करून शेवटी किल्ला मन्रोच्याच हातात द्यायचा?


तोफखाना

द्यायचाच असं कुणी सांगितलं? खेळ आहे हा, पुतळ्याचं अनावरण नव्हे. १० मेला पानशांनी बांधाचा आडोसा सोडून तोफा बाहेर काढल्या. का काढल्या असतील? पेठ पडू दिली तर इंग्रज किल्ल्याला येऊन भिडतात. बाहेर पडलं तर उघड्यावर मार खावा लागतो. यातलं काय निवडायचं हे खेळणाऱ्यावर सोडायचं. दुसऱ्याने निवडून दाखवावं.

जिंकण्याची अट किल्ल्यावर लावू नका. आठ फेऱ्या ठेवा. आठव्या फेरीअखेर पेठेचे दोन्ही तुकडे मन्रोकडे असतील आणि पानशांच्या निम्म्याहून जास्त तोफा गेल्या असतील तर मन्रो जिंकला. एकच अट पुरी झाली तर बरोबरी. दोन्ही चुकल्या तर पानसे जिंकले. किल्ल्यातले लोक पहिल्या फेरीपासून तोफ डागू शकतात, पण दरवाजा उघडला की परत बंद करायला अख्खी एक फेरी लागते. हा नियम घाला, मजा येईल.

पालखेडचं म्हणाल तर ती चालण्याची मोहीम. ती टेबलावर नाही, नकाशावर खेळायची गोष्ट.


वाचनमात्र

तोफांची अट आवडली. ठीक. मी पानशांच्या बाजूने.


सहा_पडला

किल्ल्याचा दरवाजा आणि एक बुरूज २८ मिमीमध्ये मी वेगळा करतोय, या धाग्यातल्या मापांवरून. मोठ्या बोर्डावर दरवाज्याशी गाठ पडली की छोट्या बोर्डावर जाऊन ती चकमक खेळता येईल. तुमच्या नकाशाला माझा देखावा जोडून देतो. ही तडजोड मान्य आहे का?


माळवद

एकदम मान्य. फक्त दरवाजा किती वेळ चालेल ते आधी ठरवू, नाहीतर बाकीचे चार जण तासभर चहा पीत बसतील.

आता प्रगती कळवतो. किल्ल्याचा तुकडा उभा राहिलाय. खंदक स्लॅबवाल्यांच्या पद्धतीने वरच्या थरातून कापला. बाहेरचा तट आतल्यापेक्षा बुटका ठेवलाय, म्हणजे आतल्या तटावरचा शिपाई बाहेरच्याच्या डोक्यावरून मारू शकतो. नियमात वेगळं लिहावं लागत नाही, मोजपट्टी लावली की डोळ्याने दिसतं.

पेठेची घरं सगळ्यात सोपी. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची, सपाट धाब्याची, उतरतं छप्पर करायचा प्रश्नच नाही. २५ मिमीची पट्टी मधोमध फाडली की एकमजली घराची उंची मिळते, मग फक्त चौकोन कापत जायचं. वरच्या कडेला पुठ्ठ्याची बारीक पट्टी चिकटवली की कठडा होतो. धाब्यावर शिपाई उभे राहतात हा खेळातला मोठा फायदा. उतरत्या कौलांवरून ते घसरतात आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तो पडला म्हणजे मेला का असं विचारतं.

अडकलोय पाण्याशी. खंदकात आणि तळ्यात पाणी दाखवायचंय. रेझिन ओतू का? चमक सुंदर येते.


रंगकाडी

जाड ओतू नका. रेझिन घट्ट होताना तापतं आणि फोम खाली वितळू शकतो. शिवाय त्या दोन तुकड्यांचं वजन इतकं होईल की दिवाणाखालून ओढताना कंबर धरेल. तळ रंगवतानाच पाणी रंगवा. मध्ये गडद हिरवट काळा, काठाकडे मातकट, मेमध्ये पाणी उतरलेलं असतं म्हणून काठाला वाळल्या गाळाचा पांढरट पट्टा. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या चकचकीत वॉर्निशचे पातळ हात, एक वाळला की दुसरा. तेलाचं वॉर्निश नको, कारण वर सांगितलंच आहे.


ज्वारीचं_कणीस

गाळाच्या पट्ट्यात मात्र भेगा दाखवा. तिथे काळी माती नुसतीच थापली तरी चालेल. तडकू दे.


स्लॅबवाले

तुकडे खेळताना सरकतात. लोहचुंबक, स्क्रू वगैरे कुणी सुचवलं तर ऐकू नका, दर वेळी जुळवत बसावं लागतं. टेबलावर जाड सोलापुरी चादर पसरा आणि त्यावर तुकडे ठेवा. जागचे हलत नाहीत. दोन टेबलांची उंची वेगळी असेल तर तीही चादरीच्या घडीने सारखी होते. सांध्याची रेघ झाकायची म्हणून तिथे चिकटवू काही नका, थोडी सुटी कच भुरभुरा, खेळ झाला की झटकून डबीत.


माळवद

पाण्याचा पहिला हात दिला. गाळाला भेगा पडल्यात, कणीसरावांचा अंदाज अचूक.

उरलेलं काम म्हणजे पेठेचा मातीचा तट, गंज्या, लिंबाची झाडं आणि तीन मिमीचा माळढोक. लिंबासाठी तांब्याच्या वायरचे पीळ सोडवून खोड केलंय, पाल्याला भांडी घासायचा स्पंज बारीक करून हिरव्या रंगात भिजवलाय. शिबंदीचे काही सैनिक थ्रीडी प्रिंट केलेत, बाकीचे जाड कागदावर छापून पट्टीवर उभे केलेत. कागदी सैनिक मला तरी खटकत नाहीत, लांबून रांग दिसते तेवढं पुरे.

अमावास्या झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे खेळ. जागा चार जणांची, पत्ता व्यनिने (खासगी निरोपाने) कळवतो. पानशांकडून वाचनमात्र नक्की. मन्रो कोण?


काय_बे

मी होतो मन्रो. शिव्या खायची सवय आहे बे.


सहा_पडला

मी दरवाज्याचा बोर्ड घेऊन सकाळच्या गाडीने येतो. मोजपट्टी इंचाची आहे माझ्याकडे, चालेल का?


माळवद

सेंटिमीटरची आणा. सगळे पल्ले सेंमीत छापून ठेवलेत.


तोफखाना

आणि फासे स्वतःचे आणा, सगळ्यांनी. काय_बेच्या फाशांवर माझा विश्वास नाही.